पाहून आलेलं माणूस

"बाटली राहू द्या हो बाजूला," जगदेवराव म्हणाले. "आधी सांगा, तो चालतो कसा?"

पिशवीत घातलेला हात कोकिलाबेननी तसाच ठेवला. सहा महिने मुलाकडे न्यू जर्सीला राहून त्या नुकत्याच परतल्या होत्या. कारेलीबागेतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये अजून उघड्या बॅगा पसरलेल्या होत्या, आणि समोर सोफ्याच्या काठावर कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला हा गृहस्थ औषध न्यायला येऊन भलतंच काही विचारत होता.

"चालतो म्हणजे? सगळे चालतात तसे," त्या म्हणाल्या. बोलणं गुजरातीतच चाललं होतं. बडोद्यात पिढ्या गेलेल्या मराठी माणसाच्या तोंडी उंबऱ्याबाहेर तीच भाषा येते.

"तसं नाही. झपझप चालतो की पाय ओढत? दिवसभर दुकानात उभा असतो ना."

"झपझपच. आमच्या बॅगा गाडीपर्यंत त्यांनीच नेल्या."

"आणि केस?"

"थोडे सफेद झालेत. इथे, कानापाशी."

"अंगानं?"

"अरे काका, निरांते बेसो ने! चा मूकुं छुं," कोकिलाबेन हसत स्वयंपाकघराकडे वळल्या.

जगदेवराव निवांत बसले. चहा म्हणजे आणखी निदान अर्धा तास. चांगलं झालं.

जगदेवराव मोहित्यांचे पणजोबा गायकवाडांच्या फौजेत होते. आजोबाही होते. खुद्द जगदेवरावांनी मात्र नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्यात व्हॉल्व्ह उघडण्यात आणि बंद करण्यात जन्म काढला. पाणीगेटला दोन खोल्या, बायको प्रेमला आणि एकुलता मुलगा श्रीकृष्ण ऊर्फ किशा, एवढा संसार. किशा अमेरिकेला गेला तो फिरायला म्हणून. फिरायला गेलेला माणूस परत येतो अशी आपली समजूत असते, पण किशा तिथेच राहिला. एका पटेलाच्या किराणा दुकानात कामाला लागला. कागद काही पक्के झाले नाहीत. तिथून एकदा पाय काढला की परतीचं दार बंद, म्हणून आजीच्या दिवसांनाही तो आला नाही. आईबापांना व्हिसा मिळाला नाही. बारा-तेरा वर्षं झाली असतील. जगदेवरावांनी त्याला "ये" असं कधी म्हटलं नाही. म्हणावंसं रोज वाटे.

मोबाइलवर तो दिसायचा, नाही असं नाही. पण मोबाइल तोंडासमोर धरून बसलेला माणूस दिसून दिसून किती दिसणार? नाक, डोळे आणि मागची भिंत. कसा आहेस विचारलं की "मजेत". इकडूनही "मजेत". दोन्हीकडे इतकी मजा चाललेली असे की पाच मिनिटांत बोलणं संपायचं.

मग मध्ये जगदेवरावांच्या छातीत ठोके चुकायला लागले. दोन नीट, एक गायब, की पुढचा धाडकन. डॉक्टरांनी छातीचा आलेख काढला, रक्त तपासलं आणि सांगितलं की काळजीचं कारण नाही. ब्लडप्रेशरसाठी जी लघवीची गोळी घेता, तिनं शरीरातलं मॅग्नेशियम कमी झालंय. काही दिवस मॅग्नेशियमच्या गोळ्या घ्या. मांडवीतल्या कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळेल अशी ती गोष्ट. पण फोनवर बोलता बोलता हे निघालं आणि किशा म्हणाला, "तिथलं घेऊ नका बाबा. इथलं चांगलं असतं. मी पाठवतो कुणाबरोबर तरी."

पहिली बाटली मांजलपूरच्या एका माणसाबरोबर आली. जगदेवराव ती आणायला गेले आणि तो माणूस सहज बोलून गेला, "किशनभाईंना मी परवाच भेटलो. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, बडोद्याची शेव उसळ खाऊन या माझ्या नावानं." त्या माणसाच्या पाठीवर किशाचा हात पडला होता. जगदेवराव त्या पाठीकडे बघतच राहिले. घरी येऊन त्यांनी प्रेमलाबाईंना ते तीनदा सांगितलं आणि त्यांनी तीनदा ऐकलं. गुडघ्यांमुळे त्यांना जिने चढवत नव्हते, नाही तर त्याही गेल्या असत्या.

पुढे डॉक्टरांनी ब्लडप्रेशरची गोळी बदलली. पुन्हा रक्त तपासलं. ठोके जागेवर आले होते. "आता मॅग्नेशियम बंद," डॉक्टर म्हणाले. "या वयात मूत्रपिंडावर उगाच भार नको." जगदेवरावांनी गोळ्या बंद केल्या. बाटल्या बंद केल्या नाहीत.

"त्या गोळीनं काय आराम पडतो रे किशा!" ते फोनवर सांगायचे. "नुसती घेतली की छाती शांत. संपत आल्यात बघ." की किशा गावाकडे निघालेला कुणी शोधायचा, आणि जगदेवराव शर्टाला इस्त्री करायचे. बाटल्या कपाटात डाळीच्या डब्यांमागे जमत होत्या. प्रेमलाबाई तिकडे बघून न बघितल्यासारखं करत.

कोकिलाबेन चहा घेऊन आल्या. सोबत भाकरवडी होती.

"गोळीचा गुण येतो ना काका तुम्हाला?" त्यांनी विचारलं. "किशनभाईंना फार विश्वास आहे तिच्यावर. स्वतः पण तीच घेतात."

जगदेवरावांचा कप अर्ध्यावर थांबला. "तो कशाला घेतो?"

"तुम्हाला ठाऊक नाही?" कोकिलाबेन चपापल्या. मग सावकाश सांगू लागल्या. "आमच्या बॅगा गाडीत ठेवल्या आणि एकदम पायरीवर बसले. चेहरा पांढरा. छातीवर हात. म्हणाले, फडफडतं आत, डोळ्यांपुढे काळं येतं, मग जातं आपोआप. दुकानातही एकदा असंच झालेलं. मी म्हटलं, दवाखान्यात जाओ. तर म्हणे, मासी, माझा ना विमा, ना कागद. आणि हे आमच्या घरातलंच दुखणं आहे. पप्पांना पण हेच होतं, ते या गोळीनं एकदम बरे झाले. मी पण दोन दोन घेतो."

जगदेवरावांनी कप खाली ठेवला. कारखान्यात एकदा त्यांनी चुकीचा व्हॉल्व्ह उघडला होता, ते त्यांना आठवलं. बाटली घेऊन ते उठले. भाकरवडी तशीच राहिली.

घरी प्रेमलाबाई दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. "कसा आहे?" त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं. औषध मिळालं का, हे त्या कधीच विचारत नसत.

जगदेवरावांनी आजवर बातम्या जरा तूप लावूनच आणल्या होत्या. आज मात्र त्यांनी पायरीवर बसलेला किशा होता तसा सांगितला. शेवटी म्हणाले, "माझ्यामुळे झालं, प्रेमला. मीच गायलो ना त्या गोळीचे गोडवे."

प्रेमलाबाईंनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "रडायचं ते मागून रडू. आधी डॉक्टरला विचारून या."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "तुमचं दुखणं वेगळं होतं, जगदेवराव," ते म्हणाले. "त्याचं काय आहे ते तपासल्याशिवाय मी कसं सांगू? पण खाली बसावं लागतं, अंधारी येते, हे बाटलीतल्या गोळ्यांवर सोडायचं काम नाही. ताल बिघडला तर रक्ताची गाठ होते, ती मेंदूत जाते. आलेख काढायलाच हवा. त्याला घेऊन या."

"येता येत असतं तर गोळ्या कशाला आल्या असत्या साहेब."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तिकडे धर्मादाय दवाखाने असतात. कागद विचारत नाहीत. माझा भाचा तिथे आहे, पत्ता मागवून देतो. पण जायला त्याला तुम्ही लावा. तो माझं ऐकणार नाही, तुमचं ऐकेल."

ऐकेल म्हणजे काय, ऐकलंच तर होतं त्यानं.

फोन लागला तेव्हा किशा दुकान उघडत होता. मागं शटरचा आवाज आला.

"काय बाबा, मिळाली बाटली?"

"मिळाली. तुझ्या छातीत फडफडतं म्हणे."

"छे! कोकिलामासी पण ना. काही नाही हो. गोळी घेतो मी."

"त्या गोळीनं काही होत नाही."

"असं कसं? तुम्हाला तर..."

"मी घेतच नाही," जगदेवराव म्हणाले. "डॉक्टरांनी कधीच बंद केली. माझं ते ब्लडप्रेशरच्या गोळीमुळे होतं, ती बदलली आणि संपलं. तेव्हापासूनच्या तुझ्या सगळ्या बाटल्या कपाटात आहेत. सीलसुद्धा तोडलं नाही."

पलीकडे शटर अर्ध्यावर थांबलं. "मग मागवत कशाला होता? मी इथे लोकांच्या हातापाया पडून पाठवतोय."

जगदेवरावांनी प्रेमलाबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली.

"तुला पाहून आलेलं माणूस बघायला मिळतं म्हणून," ते म्हणाले. "दुसरं काही नाही रे. तुझी फार आठवण येते. रोज येते. तू म्हणतोस मजेत, मी म्हणतो मजेत. पण तू खरा कसा आहेस ते बाटली आणणाराच सांगतो. म्हणून खोटं बोललो. आणि माझ्या खोट्यावर तू तिथे औषध करत बसलास. किशा, पत्ता पाठवतो त्या दवाखान्यात जा. कागद विचारत नाहीत तिथे. आजच जा. माझी शपथ वगैरे नाही घालत, माझ्या शपथेची काय किंमत राहिली आता. पण जा."

फोन कटला की काय म्हणून प्रेमलाबाई जवळ आल्या.

"भीती वाटते हो बाबा," किशा म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो मजेत नव्हता. "रात्री झोपताना वाटतं, इथे काही झालं तर कळवणार कोण तुम्हाला?"

"म्हणूनच जा म्हणतोय."

किशा त्याच आठवड्यात गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आलेख काढला, हृदयाचा ताल मधूनच सुटतो म्हणाल्या. ठोके आवरणारं औषध दिलं, दर महिन्याला यायला सांगितलं, आणि दोन दोन गोळ्या विचारल्याशिवाय घेतल्याबद्दल चांगलं फैलावर घेतलं. हे त्यानं स्वतः फोन करून सांगितलं, तेव्हा जगदेवरावांचा जीव भांड्यात पडला. प्रेमलाबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

"आता बाटल्या नको ना पाठवू?" किशानं विचारलं.

"छे छे, कशाला?" जगदेवराव घाईघाईनं म्हणाले. "मुळीच नको."

बाटल्या थांबल्या. कपाटातल्या होत्या त्या प्रेमलाबाईंनी मुदत संपेल तशा टाकून दिल्या. फोन आता पाच मिनिटांत संपत नसे, किशा खरं काय ते सांगायचा, कुठल्या दिवशी छाती धडधडली, कुठल्या दिवशी नाही. त्यानं बरं वाटायचं. पण मधूनच दुपारी जगदेवराव इस्त्री केलेल्या शर्टाकडे बघून येत, कुठे जायचं नसताना. कुणी त्याला पाहून आलंय, त्याच्या शेजारी उभं राहून आलंय, असं माणूस आता बडोद्यात त्यांच्या वाट्याला येणार नव्हतं. ज्या गोष्टीसाठी खोटं बोललो ती खरं बोलल्यावर जाणारच, असं ते स्वतःला समजावत. समजूत पटे, पण आठवण जात नसे.

संक्रांत, म्हणजे इथली उत्तरायण, जवळ आली. पतंगांसाठी अमेरिकावाले गावात उतरू लागले. किशा फोनवर सहज बोलून गेला, "आमचे शेठ रसिकभाई आलेत तिकडे. वाघोडिया रोडला भावाकडे उतरलेत, पाण्याच्या टाकीसमोर."

"हो का," जगदेवराव म्हणाले, आणि विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आंघोळीहून आले तर प्रेमलाबाई ठेवणीतली साडी नेसून तयार होत्या.

"कुठे?" त्यांनी विचारलं.

"वाघोडिया रोडला. मी पण येणार."

"अगं, पण काय सांगायचं त्यांना? काही पाठवलेलं नाही त्यानं."

"रिक्षा बोलवा," प्रेमलाबाई म्हणाल्या.

रसिकभाईंच्या भावाचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. प्रेमलाबाई एका हातानं कठडा आणि दुसऱ्या हातानं नवऱ्याचा खांदा धरून, दर वळणावर थांबत चढल्या. दार रसिकभाईंनीच उघडलं. ओळख सांगितल्यावर ते गडबडले, मागे वळून बॅगांकडे बघू लागले.

"आवो आवो काका. पण किशनभाईए तो कंई आप्युं नथी. काही पार्सल होतं का?"

"नाही, काही नाही दिलेलं," जगदेवराव म्हणाले.

प्रेमलाबाई धापा टाकत आत आल्या. पदरानं तोंड पुसून त्या रसिकभाईंना म्हणाल्या, "आम्ही काही न्यायला नाही आलो, भाई. तुम्ही त्याला पाहून आलात ना? जरा आमच्यासमोर बसा."

रसिकभाई खुर्ची ओढून बसले. म्हातारा-म्हातारी सोफ्यावर शेजारी शेजारी बसली आणि दोघंही त्यांच्याकडे बघू लागली.