तेवीसचा पाढा

परीक्षा परवावर येऊन ठेपली होती आणि टिल्लीच्या डोक्यात बाकी काही केल्या शिरत नव्हती. भागाकारातली बाकी हो! भाग पूर्ण गेला नाही की पोरगी खोडरबर घेऊन अख्खं गणित पुसून मोकळी. पास झाली तर निवासी शाळा, नाहीतर घरी बसून धाकट्या भावंडांना सांभाळायचं, असं तिच्या आईनं बाईंना तोंडावर सांगितलं होतं. म्हणून आजची दुपार बाईंनी फक्त भागाकारासाठी राखून ठेवली होती.

आणि नेमके आजच शिक्षणमंत्री टपकले. घ्या!

शाळा दोन खोल्यांची, पोरं तेवीस, शिकवायला बाई एकट्या. मंत्री दारातूनच बोलत आले. "बाई, माझं एकच म्हणणं. शिक्षकानं फक्त शिकवायचं. बाकीची सगळी कामं बंद! शाळा सुधारायच्या तर आधी सरकार सुधारलं पाहिजे."

माणूस मनापासून बोलत होता, बाईंना पटलंसुद्धा. तेवढ्यात सोबतच्या सचिवांनी बॅगेतून अकरा पानी अहवाल काढला. शिकवण्याखेरीज शिक्षकाला काय काय करावं लागतं, त्याची माहिती. खुद्द साहेबांनीच सुरू केलेला आणि आत्ताच्या आत्ता भरून द्यायचा. आता बोला!

बाईंचं डोकं फिरलं. नोकरीची भीती क्षणभर वाटली, पण जीभ काही थांबली नाही.

"साहेब, मी एक तर हा भरीन, नाहीतर शिकवीन. दोन्ही हवं असेल तर वर्ग तुम्ही घ्या."

सचिवांनी डोळे वटारले. मंत्री मात्र खूश. "घेतो की! त्यात काय मोठंसं?"

बाई शेजारच्या खोलीत अहवाल भरायला बसल्या. हात कागदावर, कान वर्गाकडे. पाहुण्यांसाठी मांडलेली बिस्किटं मंत्र्यांनी टेबलावर ओतली आणि मोजली. भरली बावन्न.

"तेवीस पोरांना सारखी वाटायची. प्रत्येकाला दोन. तेवीस दुणे चव्वेचाळीस. उरली आठ."

मंत्र्यांना चुकलं म्हणायचं कुणी?

"शेहेचाळीस!" टिल्ली ओरडली. बाईंचं पेन थांबलं.

"चव्वेचाळीस गं बाळ."

"शेहेचाळीस! वाटून बघा ना!" टिल्ली उठली आणि तिनं भराभर प्रत्येकापुढं दोन-दोन बिस्किटं ठेवली. मग टेबलाशी जाऊन उरलेली मोजली. "सहाच आहेत. सहा बाकी."

"मग या सहांचं करायचं काय?" मंत्र्यांनी विचारलं.

"काही नाही. बाकी म्हणून लिहायची."

"आम्ही ती कार्यकर्त्यांना देतो," मंत्री बोलून गेले आणि स्वतःच खो-खो हसत सुटले.

बाईंना इतका आनंद झाला की त्या अर्धवट अहवाल हातात घेऊनच वर्गात धावल्या. मंत्र्यांनी विचारलं, "झाला भरून?"

"सात पानं झालीत."

मंत्र्यांनी कागद घेतले. शेवटचा प्रश्न होता, हा अहवाल भरायला किती वेळ लागला. बाईंनी रागारागानं तो आधीच भरून टाकला होता. अख्खी दुपार. मंत्र्यांनी ते दोनदा वाचलं, कान खाजवला आणि पहिल्या पानावर आडवं लिहिलं, 'हा अहवाल आजपासून बंद.' खाली सही ठोकली.

"साहेब, त्याला आधी रीतसर प्रस्ताव लागेल," सचिव म्हणाले.

"मग तुम्ही करा. बाईंना त्यात ओढू नका." मंत्री निघाले.

"थांबा साहेब," बाई म्हणाल्या. आता भीड कसली? "माझ्या वर्गात पाढा चुकला की लिहून दाखवावा लागतो."

मंत्री हसत हसत बाकावर कसेबसे मावले. टिल्लीनं स्वतःची वही-पेन्सिल पुढं केली. तेवीसचा पाढा लिहून होईस्तोवर त्यांनी दोनदा घाम पुसला. टिल्लीनं वही तपासायला घेतली, बोट एकेका ओळीवरून खाली आणलं आणि एके ठिकाणी थांबली.

"तेवीस नवे दोनशे सात, आजोबा. तुम्ही सतरा लिहिलंत. दहा जास्त झाले."

मंत्री खोडरबर शोधायला लागले.

"अख्खं नका पुसू," टिल्ली म्हणाली. "चुकलंय तेवढंच पुसायचं."

बाईंनी पदरानं डोळे टिपले. परवाची काळजी मिटली होती.