समुद्रफूल सोडवताना

२००४ सालच्या मे महिन्यात भाऊसो मास्तरांची खाऱ्या पाण्याची काचपेटी गळू लागली. पेटी त्यांनी स्वतःच जोडली होती, त्यामुळे राजारामपुरीत कुणालाच नवल वाटलं नाही. आत एकच जीव होता, समुद्रफूल. दिसायला फूल, पण तोंड असलेला प्राणी. नात संघप्रियाचा त्याच्यावर भलताच जीव. पाणी तळाला जायच्या आत त्याला शेजारच्या टबात हलवायचं होतं. ते बसलं होतं दगडावर, आणि तो दगड मास्तरांनी ‘एकदाच काय ते’ म्हणून तळाला चिकटवून टाकला होता.

“बघ हं,” मास्तरांनी बाह्या सारल्या. छत्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलेला आवाज लागला. “ह्याचा पाय दगडाला घट्ट धरतो. ओढलं की फाटतो, आणि फाटला की हे जगायचं कठीण. म्हणून धीर धरायचा.”

धीर चार मिनिटं टिकला. मग त्यांनी ओढलं. समुद्रफूल मिटून सुपारीएवढं झालं.

“आजोबा! ओढलंसा की!”

“कसं करू नये, ते दाखवलं.”

“त्येलाबी तुमचा तास नको झालाय,” स्वयंपाकघरातून शेवंताबाई म्हणाल्या. संसारात त्यांनी असे तास पुष्कळ ऐकले होते.

मास्तरांना दुसरी युक्ती आठवली. पायाजवळचा दगड गार केला, की ते आपण होऊन पकड सोडतं. फ्रीजमधला मूठभर बर्फ ते पेटीत टाकणार, तोच नातीनं मनगट धरलं.

“गोडं पाणी ह्याला सोसत न्हाय, असं काल कोण सांगत होतं?”

कोण, ते मास्तरांना पक्कं ठाऊक होतं.

संघप्रियानं दुपारसाठी राखलेली, प्लास्टिकच्या नळीतली नारंगी बर्फकांडी आणली. ती न फोडता दगडाला टेकवून धरायची, हलायचं नाही आणि बोलायचं तर मुळीच नाही. शेवटचा नियम तिचा. मास्तरांच्या आयुष्यातली ती सर्वांत लांब पंधरा मिनिटं.

पायाची कड उचलली. नख लागू न देता त्यांनी अंगठ्याचं पोट खाली सारलं. थोडं, आणखी थोडं. पाय अखंड सुटला. हात टबात गेला, आणि एवढा मोठा टब सोडून समुद्रफुलानं मास्तरांचा अंगठाच धरला.

“आता?” नातीनं विचारलं.

“आता त्याची मर्जी.”

मास्तरांना चहा शेवंताबाईंनीच बशीनं पाजला. अर्ध्या तासानं मिटलेल्या गोळ्यातून एक तंतू बाहेर आला, मग दुसरा. मास्तरांच्या कमरेत उसण भरली होती. ते हलले नाहीत.