माझ्या हसण्याची जागा

सिनेमा हे सत्याचं माध्यम आहे. हे वाक्य माझ्या भाचीने मला माझ्याच दवाखान्यात, पेशंटच्या खुर्चीत रेलून ऐकवलं आणि त्यापाठोपाठ माझा एक रविवार मागून घेतला. कॉलेजात तिला छोटी फिल्म करून द्यायची होती. मी दंतवैद्य आहे. फिल्ममध्ये एक मुलगी घाबरत येते, मी गप्पा मारत तिचा दुधाचा दात काढतो, हसतो, ती उड्या मारत घरी जाते. सत्य म्हणाल तर हे माझ्याकडे रोजच घडतं. मुलांना दवाखान्याची भीती वाटू नये म्हणून मी आयुष्य घातलंय; दारावर ससासुद्धा चिकटवलाय. फिल्म बघून आणखी चार पोरं येतील, हा विचारही मनात होता. तो मी लपवत नाही.

काही दिवसांनी भाची लॅपटॉप घेऊन घरी आली.

"मामा, सर म्हणाले, टेन्शनच नाही. मुलगी येते, दात निघतो, घरी जाते. पुढे काय होणार ते आधीच कळतं."

"कळायलाच हवं. म्हणून तर लोक येतात माझ्याकडे."

"तर मी परत एडिट केलं. शूटिंग तेच आहे हं, नवीन काही नाही."

हे खरं होतं, आणि तीच माझी तक्रार आहे. नव्या फिल्ममध्ये मी तीनदा हातमोजा चढवतो. मला हात दोनच आहेत. दार सावकाश बंद होतं आणि त्यावरचा ससा दिसत नाही. मुलीचं काम करणारी शेजाऱ्यांची चिमणी भेदरून दाराकडे बघते. प्रत्यक्षात तिची आई बिस्किटं आणायला गेली होती आणि कार्टी बिस्किटांची वाट बघत होती. मग मी ट्रेमधलं एक हत्यार उचलतो, ठेवतो, दुसरं उचलतो. मी आरसा शोधत होतो. "कुठे ठेवला मेला" हे माझं वाक्य काढून तिथे घड्याळाची टिकटिक घातली होती. माझ्या दवाखान्यात टिकटिकणारं घड्याळ नाही.

आणि हसू नाही. नावालाही नाही.

"माझं हसू कुठे गेलं?"

"तुम्ही प्रत्येक शॉटच्या शेवटी हसता ना, तर त्याच्या जरा आधी कापलं. हसलात की टेन्शन जातं, मामा."

"अगं, माझा धंदाच टेन्शन घालवायचा आहे."

बायको मागे उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "माझा भाऊ येणार म्हटलं की अगदी असेच बघता तुम्ही."

ताईला फोन केला. मुलगी तिची, तिने तरी आवरावं. ताई म्हणाली, "अरे, तिच्या मार्कांचा प्रश्न आहे. तुझं लहानपणापासून हे असंच. फोटोत जरा वाईट दिसलास की घर डोक्यावर घ्यायचास."

मग सरांना फोन केला. ते फारच आदराने बोलले. "डॉक्टर, तुमचा चेहरा इतका कोरा आहे की त्यात काहीही भरता येतं." मी म्हटलं, दात भरतात, चेहरा नाही. सर हसले नाहीत. त्यांचंही कुणीतरी आधीच कापलं असावं.

शेवटी मी अडून बसलो. फिल्म कॉलेजच्या हॉलमध्ये दाखवणार, समोर माझ्याच पेशंटांची आख्खी कुटुंबं बसणार. माझं हसू परत लावायचं, नाहीतर माझा दवाखाना फिल्ममधून बाद.

"एक चालेल?" भाचीने विचारलं.

"एक तरी."

ती इतक्या गोड आवाजात "बरं मामा" म्हणाली, की तिथेच मला संशय यायला हवा होता.

हॉल भरला होता. पडद्यावर दार बंद झालं, हातमोजे चढले, टिकटिक वाढत गेली. मग अंधार. मग रिकामी खुर्ची. चिमणी उड्या मारत घरी जाते तो शॉट नव्हताच. मग मी. मास्क खाली ओढतो आणि हसतो. भाचीने तो शॉट निम्म्या वेगाने लावला होता. दाताच्या डॉक्टरचे दात चांगले असतात. ते एकेक करून सगळे दिसले.

पुढच्या रांगेतलं एक पोर रडायला लागलं. माझाच पेशंट, उजवीकडची खालची दाढ. शेजारी बसलेल्या चिमणीने मला मोठ्याने विचारलं, "मग मी कुठे गेले?" मी उत्तर देईपर्यंत तिच्या आईने तिला उचलून पलीकडे बसवलं. वास्तविक ही बाई शूटिंगला हजर होती.

टाळ्या थांबेनात. सर माइक घेऊन उभे राहिले. "ते शेवटचं हसू म्हणजे कमाल आहे. कल्पना कुणाची?"

भाचीने माझ्याकडे बोट दाखवलं. "मामांची. ते तर अडूनच बसले होते."

सगळा हॉल वळून माझ्याकडे बघायला लागला. अशा वेळी माणूस सवयीने हसतो. मी ओठ घट्ट मिटून बसलो, तर मागून कुणीतरी म्हणालं, "बघ, आत्तासुद्धा तसाच बसलाय."

सोमवारी दवाखाना उघडण्याआधी मी सशाचा सुटलेला कान परत चिकटवला. लोक काय काय विचारतील त्याची उत्तरंही मनात तयार ठेवली. बाहेरची बाकं भरलेली होती. उजवीकडची खालची दाढही आईचा पदर घट्ट धरून आली होती. कुणी काही विचारलं नाही. आमच्या भागात दुसरा दंतवैद्य नाही.