दूध न तापवलेले दिवस

मित्रांनो, मी दूध तापवायची एक जुनी पातेली आहे. माझे बूड जाड आहे आणि काठाला एका बाजूला पोचा आहे. भांड्यांच्या कारखान्यात एका मोठ्या यंत्राने मला पत्र्याच्या चकतीतून दाबून काढले. मग एका कारागिराने माझ्या कडा घासल्या, मला टिचकी मारली आणि आवाज ऐकून तो म्हणाला, "ही टिकेल." तो म्हणाला ते खरे ठरले. मी टिकले.

मला एका वेल्डरने विकत घेतले. तो लोखंडी फाटके आणि खिडक्यांचे गज जोडायचा. त्याची बायको बाहेरच्या खोलीत मशीनवर शाळेचे गणवेश शिवायची. त्यांना एकच मुलगी होती. तिचे केस कधी वेणीत राहायचे नाहीत, म्हणून बाप तिला झिपरी म्हणायचा. मग सगळेच म्हणू लागले.

रोज सकाळी बाप गल्लीच्या टोकाच्या गोठ्यातून दूध आणायचा. आई ते माझ्यात ओतून गॅसवर ठेवायची आणि तेवढ्यात एक बाही जोडून घेते म्हणून मशीनवर जाऊन बसायची. साय वर यायची, काठाशी थरथरायची, आणि मग व्हायचे ते व्हायचे. "मी पाठ फिरवली की बरोबर हिला उतू जायचं सुचतं!" असे म्हणत ती सांडशी घेऊन धावायची. माझ्या आयुष्यातले ते चांगले दिवस होते.

झिपरीला मात्र दूध सोसायचे नाही. पेला संपला की थोड्या वेळाने तिचे पोट गुडगुडायचे, फुगायचे, मग कळा यायच्या. कधी शाळेच्या अर्ध्या वाटेवरून ती पोट धरून परत यायची.

"बाबा, पोटात कळ येते. नको ना."

"सवय झाली की जाईल, झिपरे. आम्हाला लहानपणी दूध बघायलासुद्धा मिळत नव्हतं. चल, नाक दाब आणि एका दमात."

तो रागावायचा नाही. तिच्यासमोर बसून पेला रिकामा होईपर्यंत गमतीजमती सांगायचा. त्याच्या मनात मुलीने धट्टीकट्टी व्हावे, एवढेच होते.

एकदा बापाचा मोठा भाऊ घरी आला. तो व्यायामशाळेत शिकवायचा आणि बोलताना दंडावरून हात फिरवायचा. पुतणीची तक्रार ऐकून त्याने माझ्याकडे बोट दाखवले. "ही पातेलीच सगळ्याचं मूळ आहे. तापवून तुम्ही दुधाचा जीव घेता. कच्चं द्या तिला. दूध पचवायला लागतं ते सगळं त्या दुधातच असतं."

"पण दादा, न उकळता?" आई म्हणाली.

"वासराला कोण उकळून देतं?"

बाप हसला. त्याला ते पटले. दुसऱ्या दिवसापासून दूध गोठ्यातून थेट पेल्यात येऊ लागले. मला फळीवर ठेवले आणि माझ्यात बटाटे भरले.

मित्रांनो, फळीवरून स्वयंपाकघर पूर्ण दिसते. झिपरी दुपारी शाळेतून यायची आणि ओट्याखाली फरशीवर अंगाची मुटकुळी करून पडायची. पोट तसेच दुखत होते. त्यात काहीही फरक पडला नव्हता. संध्याकाळी बाप यायचा आणि चपला काढता काढता विचारायचा, "काय झिपरे, आज पोट?"

पहिल्या दिवशी तिने त्याच्या चेहऱ्याकडे बघितले. मग म्हणाली, "नाही दुखलं, बाबा."

त्याने तिला उचलून गरकन फिरवले. "बघितलंस?" तो बायकोला म्हणाला. "पचलं!"

त्यानंतर ती रोज तेच उत्तर देऊ लागली.

"मी आपलं तापवूनच देते," आई अधूनमधून म्हणायची.

"आणि पुन्हा दुखायला लागलं म्हणजे? आता बरी आहे ना ती? विचार तिला."

आई मुलीकडे बघायची. मुलगी फरशीकडे बघायची.

मग एका सकाळी तिला जुलाब सुरू झाले. हे नेहमीचे पोट दुखणे नव्हते. त्यात रक्त होते. पुढे तिचा चेहरा सुजला आणि लघवी होईना. बापाने तिला चादरीत गुंडाळून उचलले आणि तिघेही दवाखान्यात गेले. दार बंद झाले.

घर कितीतरी दिवस रिकामे होते. मशीनच्या सुईखाली एक बाही अर्धी शिवलेली तशीच राहिली. माझ्यातल्या बटाट्यांना कोंब आले. मला काही वाटले नाही. भांड्याला चटका कळतो, पोचा कळतो. त्यापलीकडचे कळायला लागले की भांडे बधिर होत असावे.

एकदा आई कपडे न्यायला आली. सोबत तिची धाकटी बहीण होती. आई कपड्यांच्या घड्या घालत बोलत होती, गणवेशाची मापे सांगावीत तशी.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुधात एक साखर असते. ती पचवायला पोटात जे लागतं, ते हिच्या पोटात कमी पडतं. दूध तापवा नाहीतर कच्चं द्या, साखर तीच राहते. खूप जणांचं असं असतं म्हणे. घाबरण्यासारखं काही नसतं त्यात."

"मग ताई, हे एवढं कशानं झालं?"

"कच्च्या दुधातून जंतू गेले. उकळलं असतं तर मेले असते. आता तिची मूत्रपिंडं चालत नाहीत. यंत्रानं रक्त धुतात तिचं."

बहीण रडू लागली. "तू पण रड गं जरा."

"कपडे न्यायचेत," आई म्हणाली. तिने कोंब आलेले बटाटे टाकले, मला खाली घेतले आणि घासत बसली. मी स्वच्छ झाले, तरी ती घासतच होती.

झिपरी घरी आली ती काडीसारखी होऊन. तिची मूत्रपिंडे पुन्हा चालू लागली होती, पण पूर्वीसारखी नाही. गोळ्या आणि तपासण्या कायमच्या मागे लागल्या. गोठ्याची मालकीण दारात येऊन डोळे पुसत उभी राहिली. तिच्या गाई धडधाकट दिसत होत्या. दुधात जंतू आहेत हे तिलाही कळले नव्हते. मोठा भाऊ आला आणि म्हणाला, "मी ऐकलं होतं, तेच सांगितलं रे." बापाने दोघांनाही पाणी दिले. भांडण झाले असते तर बरे, इतके ते घर गप्प होते.

आता माझ्यात पुन्हा दूध तापते, आईबापाच्या चहापुरते. आई गॅसजवळून हलत नाही, म्हणून ते कधी उतू जात नाही.

एका सकाळी बाप झिपरीशेजारी फरशीवर येऊन बसला.

"खरं सांग. कच्चं दूध प्यायचीस तेव्हा दुखायचं?"

"हो."

"रोज?"

"रोज."

"मग 'नाही दुखलं' असं का म्हणायचीस?"

ती पायाचा अंगठा चोळू लागली. "नाही दुखलं म्हटलं की तुम्ही हसायचात."

बाप तिथेच बसून राहिला. कामाची वेळ होऊन गेली तरी उठला नाही. आईने गॅस बंद केला आणि तीही खाली बसली.

मित्रांनो, दूध पिण्याआधी त्याला चांगली उकळी येऊ द्या. आणि घरात कोणाचे पोट दुखत असेल, तर त्याला "दुखतंय" असे म्हणू द्या.