समितीपुढचं उत्तर

मनोरुग्णालयात बायकांच्या वॉर्डात मी बावीस वर्षं आया आहे. नव्या बाईला मी पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवायचे. राउंडला डॉक्टरांनी विचारलं, की हात मागे घेऊन म्हणायचं, "बरं आहे. मला कुठे जायचं नाही." घरी जायचं म्हणून जी रडायची, तिच्या कागदावर 'अस्वस्थ' लिहिलं जायचं आणि गोळ्या वाढायच्या. माझ्यामुळे कितीजणी वाचल्या. मला त्याचा तोरा होता, खोटं कशाला बोलू?

राणीसरकार सगळ्यांत पटकन शिकली. आंघोळीच्या रांगेतही मान ताठ, म्हणून हे नाव मीच ठेवलेलं. नवऱ्याने तिला इथे आणून टाकलं, त्याला चौदा वर्षं झाली.

मग नवा कायदा आला. भिंतींना रंग लागला, खिडक्यांचे गज निघाले आणि ठरलं, की इथे राहायचं का, हे एका समितीने ज्या त्या बाईलाच विचारायचं. तिला आधी कुणी पढवायचं नाही, अशी सक्त ताकीद. आयुष्यात पहिल्यांदा मी नियम पाळला.

राणीसरकारच्या सुनावणीच्या दिवशी तिची धाकटी बहीण नव्या चपला घेऊन सकाळपासून बाकावर बसली होती. 'बहिणीच्या घरात माझी खाट कुठे असेल?' असं विचारून विचारून राणीसरकारने आठवडाभर माझं डोकं खाल्लं होतं.

समितीच्या बाईंनी हळू आवाजात विचारलं, "तुम्हाला घरी जायचंय का?"

समोर टेबल, डॉक्टर, कागद. राणीसरकारने हात मागे घेतले.

"बरं आहे. मला कुठे जायचं नाही."

मी पुढे धावले. "अहो बाई, हे मी शिकवलंय तिला! तिला जायचंय!"

"मावशी, त्यांच्या वतीने दुसऱ्यांनी बोलायचे दिवस गेले."

यात त्यांचं चुकलं, असं तरी कसं म्हणू? त्यांनी पुन्हा विचारलं. तिने तेच सांगितलं, जरा मोठ्याने. 'स्वेच्छेने राहतात' असं लिहून तिची सही घेतली. पुढची सुनावणी वर्षाने.

बहिणीला मी हात जोडून सगळं सांगितलं. तिला पटेना. "ताईचा राग जायचा नाही. चौदा वर्षं आले नाही ना मी," म्हणाली आणि चपला माझ्या हातात कोंबून निघून गेली.

राणीसरकार वॉर्डाच्या दारात माझी वाट बघत होती. कधी नव्हे ते हसत होती.

"बरोबर बोलले ना मी? आता सोडतील ना?"