बाईंचे पासष्ट अंश

तिसऱ्यांदाही फिल्म कोरीच निघाली. धाकटीने ती खिडकीशी धरून उलटसुलट पाहिली. आरएनए तयार झालं की उमटणाऱ्या काळ्या पट्टीचा मागमूस नव्हता.

बाईंची ती शेवटची विद्यार्थिनी, म्हणून प्रयोगशाळेत सगळ्यांची धाकटी. बाईंना जाऊन वर्ष झालं होतं. गरम झऱ्यातल्या सूक्ष्मजीवाचं पॉलिमरेज, म्हणजे जनुकाची आरएनए प्रत काढणारं यंत्र, यीस्टच्या प्रथिनाचंही ऐकतं, हे बाईंनी वीस वर्षांपूर्वी दाखवलं होतं. ते प्रथिन जनुकाच्या तोंडाशी बसून पॉलिमरेजला जागा दाखवतं. "वाटण्या होऊन अब्जावधी वर्षं झाली गं," बाई म्हणायच्या, "पण अजून एकमेकांच्या हाकेला ओ देतात." आता दुसऱ्या एका प्रयोगशाळेने छापलं होतं, की असं काही होतच नाही. बाईंनी केलेल्या प्रथिनाची एकच नळी उरली होती.

इतक्यात निवृत्त मदतनीस काका सहज डोकावले. "तोंड का उतरलंय?"

"बाईंच्या वहीत पासष्ट अंश लिहिलंय, काका. मी तंतोतंत तेच ठेवलं."

"या नव्या पेटीत? अगं, आमची थापाडी कुठंय?"

थापाडी म्हणजे नळ्या ठेवायची जुनी गरम पाण्याची पेटी. ती जिन्याखाली धूळ खात पडली होती.

"काटा पासष्टवर, तरी माझा डबा कोमटच!"

"तुम्ही तिच्यात डबा गरम करायचात? बाईंना काटा चुकतोय हे सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर आधी डब्याचं निघालं असतं."

दोघांनी पेटी ओढून आणली, पुसली, पाणी भरलं. तिची ओळखीची घरघर सुरू झाली आणि क्षणभर वाटलं, बाई आता चष्मा शोधत आत येतील. काटा पासष्टवर गेला. पाण्यातला थर्मामीटर पंचावन्नावर थांबला. खऱ्या पासष्टात बिचारं यीस्टचं प्रथिन शिजून जात होतं.

धाकटीने शेवटची नळी उघडली.

दुसऱ्या दिवशी काका पुन्हा हजर. फिल्मवर ठसठशीत काळी पट्टी होती. शेजारचा, यीस्टच्या प्रथिनाशिवायचा रकाना साफ रिकामा. धाकटी हसली आणि तिचे डोळे भरून आले. बाई खऱ्या होत्या, पण ते सांगायचं तर त्यांची चूकही छापावी लागणार होती.

तिने वही उघडली. चुकलेला आकडा गिरगटायचा नाही, वाचता येईल अशी एकच रेघ मारायची आणि शेजारी कारण लिहून सही करायची, ही बाईंचीच शिस्त. तिने '६५'वर एक रेघ मारली.

"कारण काय लिहिणार?" काकांनी हळूच विचारलं.

"पेटीचा काटा."

"बरं. आणि डबा?"

"डबाही लिहिणार, काका."