दोन छोटे हॉर्न

आमच्या सिल्व्हनचा पाय मी घालवला, असं कोर्टाने ठरवलं होतं. मोटरसायकल मी चालवत होते, सिल्व्हन, माझा नवरा, मागे बसला होता आणि वळणावर गावातल्याच कार्लटनची व्हॅन आमच्या अंगावर आली. सिल्व्हनने साक्षीत सांगितलं, आम्हाला बघून कार्लटनने हात केला, तेवढ्यात व्हॅन आमच्या बाजूला आली. जज दुसऱ्या बेटावरचा. त्याने लिहिलं, नवरा बायकोला पाठीशी घालतोय. ड्रायव्हरने हॉर्न देऊन सावध केलं, तरी बाई तोऱ्यात पुढे आली. मी आणि तोरा! तेव्हापासून सासूबाई माझ्या हातचं पाणीसुद्धा घेईनात.

अपील करते म्हटल्यावर सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. आमची वकील मिस प्रेस्कॉड, तीही म्हणाली की ज्या जजने साक्षीदार समोर बघितले, त्याचं म्हणणं वरचं कोर्ट सहसा खोडत नाही. म्हटलं, बघू तर खरं. मी काय गप्प बसणारी आहे?

राजधानीत, किंग्स्टाऊनला, वरच्या कोर्टाचे तीन जज बसले. मिस प्रेस्कॉडने कार्लटनचीच साक्ष वाचून दाखवली. धोका दिसला की मी एक लांब हॉर्न देतो, असं तो सुरुवातीला म्हणाला होता. मग त्या दिवशी कसा दिला? तर म्हणे, दोनदा, छोटा.

मधल्या जजबाईंनी कार्लटनच्या वकिलाकडे बघितलं. "या बेटावर दोन छोटे हॉर्न कोणाला देतात हो?"

तो बिचारा इथलाच. खोटं कुठून बोलणार?

"ओळखीच्याला," तो म्हणाला.

"म्हणजे त्याने हिला आधीच बघितलं होतं. मग नवरा म्हणतो तसा स्टिअरिंग सोडून हातही केला असणार."

निकाल फिरला. चूक कार्लटनची, आणि सिल्व्हन खरं बोलला होता. मी भर कोर्टात रडले, लाजबिज काही न बाळगता.

बातमी आमच्या आधीच गावात पोचली होती. सिल्व्हन मागे बसलेला, कुबड्या पाठीला बांधलेल्या, आणि समोरून येणारी प्रत्येक व्हॅन आम्हाला दोन छोटे हॉर्न देत होती. मीही देत सुटले. हात मात्र हँडलवरच.

सासूबाई पायरीवर बसल्या होत्या. सिल्व्हनने सगळं सांगितलं, तरी त्या पायरीवरून उठल्या नाहीत. मी नीरफणस भाजायला घेतला, सोबत मासे तळले आणि नेहमीसारखी दोनच ताटं काढली.

"आयोला," त्या आत येऊन म्हणाल्या, "मलाही वाढ."

सगळ्यात मोठा मासा मी त्यांच्या ताटात वाढला.